वाऱ्याची बाजू

"आधी वारा कुठून येतो ते बघायचं, मिस," तनिषा म्हणाली आणि तिने ब्राउन पेपरवर निळ्या मार्करने एक लांब बाण काढला.

बाण बघून मृणालच्या तोंडून "ब्रिलियंट" निघून गेलं. पुढचं ऐकायच्या आधीच. दरवर्षी या तासाला ती पाठ्यपुस्तक बाजूला ठेवायची. पुस्तकात या विषयाला जेमतेम अर्धं पान होतं: अमेरिकेच्या पश्चिमेला रेल्वे गेली आणि रुळांच्या कडेने गावं उभी राहिली. उभी राहिली म्हणे, जशी काही आपली आपण. मृणाल टेबलं जोडायची, प्रत्येक टेबलावर ब्राउन पेपर पसरायची आणि त्याच्या मधोमध पट्टीने एक काळी रेघ ओढून द्यायची. ही रेल्वे. बाकी काही नाही. नेवाडाचं वाळवंट, अठराशे एकोणसत्तर साल. इंजिनाला पाणी लागतं म्हणून कंपनी इथे थांबणार, म्हणून इथे गाव होणार, आणि गाव व्हायच्या आधीच ते विकलं जाणार. खुंट्या ठोका, दोऱ्या ताणा, सारख्या मापाचे भूखंड, म्हणजे लॉट, पाडा, लिलावाच्या दिवशी गिऱ्हाइकांनी भरलेली गाडी आणा. प्रत्येक टेबल म्हणजे एक कंपनी. मग चिठ्ठ्या उचलायच्या. कुणी वाणी, कुणी लोहार, कुणी हॉटेल चालवणारी विधवा, कुणी वर्तमानपत्रवाला, आणि कुणी रूळ टाकून झाल्यामुळे आता हाताला काम नसलेले चिनी मजूर. कुणाला कुठला लॉट, आणि का? इयर टेनची, चौदा-पंधरा वर्षांची मुलं एरवी बाकावर विरघळून पडलेली असायची. या तासाला त्यांच्या अंगात बाजार संचारायचा. वॉटफर्डच्या त्या शाळेत हा तास मृणालच्या नावाने ओळखला जायचा आणि मॅटर्निटी लीव्हनंतर परत आल्यावर तिने ज्या थोड्या गोष्टींची मनापासून वाट बघितली, त्यातली ही एक होती.

"बरं, वारा पश्चिमेकडून येतो," ती म्हणाली. "मग?"

"मग स्टेशन, हॉटेल, चर्च, चांगले लॉट, सगळं इकडे." तनिषाने बाणाच्या शेपटाकडे बोट नेलं. "आणि कबीरची माणसं तिकडे. रुळाच्या पलीकडे, खालच्या अंगाला. म्हणजे वारा आपल्यावरून त्यांच्याकडे जातो. त्यांच्यावरून आपल्याकडे येत नाही."

कबीरने चिनी मजुरांची चिठ्ठी उचलली होती आणि तासभर तो ती कपाळाला चिकटवून बसला होता. "थांब, थांब. रूळ मी टाकले, आणि मलाच वास येतो? मी आंघोळ करतो हं. रोज."

"इट्स नॉट पर्सनल, कबीर. माझ्या आजीच्या गावात असंच आहे. शेकडो वर्षं. इट वर्क्स." आणि मग तनिषाने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, मुळीच नव्हती. आपल्याला माहीत असलेली एक खास गोष्ट आणखी एकाच माणसाला माहीत असणार, आणि ते माणूस वर्गात आपल्या बाजूचं आहे, एवढाच आनंद होता. "मिसला माहीत असेल. मिस, तुमच्या गावात पण असंच असेल ना? ते लोक कुठल्या बाजूला राहतात तुमच्याकडे?"

वर्गातले सगळे चेहरे मृणालकडे वळले. कुतूहलाने, साधेच.

"तनिषा, आपण नेवाडात आहोत," मृणाल म्हणाली. "तुझ्या आजीचा सातारा इथून लांब आहे."

मुलं हसली. तनिषाही हसली. मतदान झालं आणि 'न्यू वॉटफर्ड, नेवाडा' हे तिच्या टेबलाचं गाव पहिलं आलं. रिपोर्ट लिहिणाऱ्या मुलीने कारण दिलं, 'बेस्ट प्लॅनिंग'. मग बेल झाली, खुर्च्या सरकल्या, बॅगा उचलल्या गेल्या आणि शाळा सुटली.

वर्ग रिकामा झाल्यावर मृणालला कळलं की आपण टेबलाची कड घट्ट धरून उभ्या आहोत. तळहाताला मार्करचा निळा डाग लागला होता आणि ती तो अंगठ्याने घासत होती; डाग जात नव्हता, पसरत होता. समोर चार गावं पडली होती. चारहींच्या मधून तीच काळी रेघ, तीच तिने पट्टीने ओढलेली. तिला वाटलं, मी बोलायला हवं होतं. मग वाटलं, काय बोलायला हवं होतं? चौदा वर्षांच्या, इथे जन्मलेल्या, चांगल्या मुलीला तीस जणांसमोर काय सांगायचं? की तू ज्यांना तिकडे ठेवलंस ती मीच? ऐतिहासिकदृष्ट्या तर तनिषाचं काही चुकलंही नव्हतं. त्या खऱ्या गावांमध्येही चिनी मजुरांना रुळाच्या पलीकडेच तंबू ठोकावे लागले, आणि तिथे धूर जायचा, राख जायची, कत्तलखान्याचा वास जायचा. मृणाललाच पुढच्या तासाला हे शिकवायचं होतं. त्या मुलीने ते पुस्तकाशिवाय आणलं, घरून, डब्यासारखं.

आणि तेव्हाच, कुठून कोण जाणे, भीमरावआजोबा आले. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत, कोपऱ्यातल्या क्वार्टरच्या बाहेर, उघड्या अंगाने खाटेवर बसलेले, तोंड मैदानाकडे. आजोबा लोको शेडमध्ये खलाशी, म्हणजे हेल्पर, म्हणून लागले आणि फिटर होऊन रिटायर झाले. ते कुठल्यातरी गावाहून आले होते, पण घरात त्या गावाचं नाव निघत नसे. कुणी विचारलं, गाव कुठलं तुमचं, तर आई म्हणायची, भुसावळ, रेल्वे कॉलनी. जणू माणसाला आधी गाव नसतंच, आधी रेल्वे असते आणि मग ती आपल्याला एक क्वार्टर देते. आजोबांना ती कॉलनी फार आवडायची. सरळ ओळी, भिंतीवर डांबराने रंगवलेले नंबर, शेजारी मद्रासकडचा गार्ड, पलीकडे ड्रायव्हर डिसूझा. क्वार्टर ग्रेडवर मिळतं, आणखी कशावर नाही, हे ते पाहुण्यांना इतक्या वेळा सांगायचे की आई आतून तोंड दाबून हसायची. त्यांची दुसरी गोष्ट आई स्वतः सांगायची, आणि तीही हसत. लोक मोठं क्वार्टर मिळावं म्हणून साहेबाच्या घरी आंबे पोचवायचे, आणि तुझ्या आजोबांनी ओळीच्या मधलं दोन खोल्यांचं क्वार्टर सोडून कोपऱ्यातलं एका खोलीचं मागून घेतलं! पश्चिमेच्या टोकाचं. पुढे नुसतं मैदान. उन्हाळ्यात वारा सुटला की सगळ्या ओळीच्या वाट्याची धूळ आधी आमच्या घरात. तुझी आजी भांडायची, रडायची. आणि हे बाहेर खाट टाकून तोंड वाऱ्याला देऊन बसायचे. म्हणायचे, आला बघ. आधी आपल्याकडं आला. आता जाऊ दे पुढं सगळ्यांकडं.

मृणालने ही गोष्ट कितीजणांना सांगितली होती. कॉलेजात मैत्रिणींना, लग्नाआधी प्रणयला, इथे स्टाफरूममध्ये इंग्रजीतून. विक्षिप्त, गोड आजोबांची गोष्ट, वाऱ्याचं वेड असलेल्या. प्रत्येक वेळी लोक हसले आणि तीही हसली. आज तिच्या छातीत काहीतरी हळूच खाली बसलं, लिफ्ट एक मजला जास्त खाली जावी तसं. त्यांनी एक खोली देऊन वारा घेतला होता. आणि घरात एकालाही, आजीलासुद्धा, का ते सांगितलं नव्हतं. सांगायचं तर त्या गावाचं नाव घ्यावं लागलं असतं.

तिने ब्राउन पेपर गोळा करायला घेतले. आपण हा तास इतका जीव लावून का बसवला, हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आता वाटलं, आपल्याला बहुतेक आजोबांची कॉलनीच मुलांकडून परत परत बांधून घ्यायची होती. वेस नसलेलं गाव. सारखे लॉट, ज्याची चिठ्ठी त्याची जागा. आणि त्यासाठी आपण कागद कोरा दिला. तो कोरा नव्हताच. तिथे आधीपासून तिथली मूळची आदिवासी माणसं राहत होती, त्यांची पाणवठ्याची वाट त्या काळ्या रेघेखाली गेली. त्यांची चिठ्ठी आपण केलीच नाही, कारण त्यांना लॉट घ्यायचा नव्हता आणि खेळ अडला असता. म्हणजे तनिषाच्या आजीच्या गावाने काय केलं आणि मृणालमिसने काय वेगळं केलं? ती खुर्चीवर बसली. मग उठली, कारण मार्किंगच्या मीटिंगची वेळ झाली होती. मीटिंगमध्ये ती मान हलवत राहिली. तिला एवढंच दिसत होतं की तनिषा आता हाय स्ट्रीटवरून घरी चालली आहे, आणि त्या घरात, जेवणाच्या टेबलाखाली, लाकडी चमच्याने भांडं वाजवत सम्यक बसला आहे.

सम्यक, तिचा पंधरा महिन्यांचा मुलगा. त्याला सांभाळायला त्या घरी ठेवायची ती, आशाताईंकडे, तनिषाच्या आईकडे. त्याआधी नर्सरी होती, भिंतीवर ढग काढलेली, स्वच्छ, बरी. तिथे सम्यक रडून रडून घसा बसवून घ्यायचा, दूध तोंडात धरून ठेवायचा आणि गिळायचा नाही, संध्याकाळी तिच्या अंगावर येऊन असा थरथरायचा की तिला नोकरी सोडावीशी वाटायची. आशाताई रजिस्टर्ड चाइल्डमाइंडर होत्या, त्यांच्याकडे एकच जागा होती, आणि पहिल्या दिवशी त्यांनी त्याला नुसतं खांद्यावर टाकलं आणि पाठीवर हात ठेवून 'काय रे राजा, काय झालं' म्हटलं, तर तो झोपला. मराठी ऐकून झोपला असं मृणालला वाटलं, आणि ती गाडीत बसून रडली होती. त्याचा पहिला शब्द 'आता' होता. आशाताईंसाठी. मृणालला ते लागलं होतं आणि बरंही वाटलं होतं, आणि त्या दोन्हींची तिला सवय झाली होती. आशाताईंनी कधी काही विचारलं नव्हतं. मृणालचं आडनाव उमरीकर, त्यावरून जात कळत नाही. प्रणयचं म्हणणं होतं, विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर आपण काय गळ्यात पाटी घालून फिरायचं का? तिलाही तेव्हा ते पटलं होतं. घरात बाबासाहेबांचा फोटो होता, बुद्धाची मूर्ती होती, चौदा एप्रिलला ते निळे कपडे घालून हॉलवर जायचे. त्यात लपवण्यासारखं काय होतं? पण आशाताई त्यांच्या घरी कधी आल्या नव्हत्या. सम्यकलाच रोज तिकडे न्यायचं असे.

गाडीत बसल्यावर तिने प्रणयला फोन लावला. तो क्रॉयडनला ऑफिसातून निघून ट्रॅममध्ये होता, मागे दारांचा पीं पीं आवाज येत होता. तिने सगळं सांगितलं.

"आणि तू काय म्हणालीस?"

"नेवाडा म्हणाले."

"ठीक आहे ना मग. आजच काही बोलू नकोस. ईस्टरच्या सुट्टीत बघू."

"प्रणय, ती घरी जाऊन सांगणार. सांगितलंसुद्धा असेल."

"सांगू दे. पोरगी पहिली आली, खूश असेल. मृणाल, ऐक. तिथून काढलं तर त्याला ठेवायचं कुठे? माझी आई यायची तर व्हिसाला किती महिने. तू नोकरी सोडणार आहेस का?"

"नाही."

"मग?" ट्रॅमचा आवाज वाढला. मग तो वेगळ्याच, खालच्या आवाजात म्हणाला, "तुला वाटतंय का त्या काही करतील? त्याला?"

"नाही," ती म्हणाली. "त्या त्याला काही करणार नाहीत." आणि तिला कळलं की आपल्याला भीती त्याची नाहीच. भीती ही की त्या काहीच करणार नाहीत. तसाच खांद्यावर टाकतील, तसंच 'राजा' म्हणतील, आणि एक दिवस, तो पाच वर्षांचा असेल तेव्हा, त्याच टेबलाखाली बसून तो वरच्यांचं बोलणं ऐकेल, आणि त्याला ते लोक म्हणजे कोण हे माहीत नसेल. तोही मार्कर उचलेल आणि बाण काढेल. इतका छान, इतका हुशार बाण.

सिग्नलला गाडी थांबली. वारा खरंच होता; रस्त्याकडेच्या झाडांच्या नवीन कळ्या थरथरत होत्या, एक प्लास्टिकची पिशवी उडत गेली आणि मृणालने ती कुठून कुठे जाते ते पाहिलं. मग स्वतःचाच राग आला. वाक्यं जुळवायला घेतली. आशाताई, एक सांगायचं होतं. आशाताई, गैरसमज नको म्हणून. गैरसमज कुणाचा? आशाताई, आम्ही बौद्ध आहोत. हे वाक्य तिने मोठ्याने म्हणून पाहिलं. किती साधं, आणि गाडीच्या काचा बंद असताना किती मोठं वाटलं. मुंबईत, भुसावळला, कुठेही तिने ते सहज म्हटलं असतं, वाद असेल तर वादासकट. इथे आल्यावर ते वाक्य जिभेच्या मागे कुठेतरी गेलं होतं, कारण इथे सगळ्यांनीच म्हटलं होतं की इथे असलं काही नसतं.

दार उघडलं ते आशाताईंनीच, कमरेवर सम्यक. फोडणीचा वास, हीटिंगची ऊब. सम्यकच्या मुठीत आशाताईंचं मंगळसूत्र होतं आणि तो ते चोखत होता. आईला बघून त्याने ते सोडलं, हसला, आणि परत तोंडात घातलं.

"या मॅडम! अहो, फर्स्ट दिलंत म्हणे आमच्या बाईसाहेबांना. आल्यापासून नाचतेय नुसती. मी म्हटलं, बाई गं, मॅथ्समध्ये ये की एकदा अशी!"

जिन्याच्या वरच्या पायरीवर तनिषा युनिफॉर्ममध्येच बसली होती, फोन हातात. "मम्मी, मिस लेट आला आज," ती म्हणाली.

"आली म्हण. बाहेर का उभ्या तुम्ही? दार लावा, थंडी आत येते."

मृणालने दार लावलं. जुळवलेली सगळी वाक्यं गेली. "आशाताई, तनिषाने वर्गात मला एक विचारलं. मी उत्तर दिलं नाही. तिने विचारलं, आमच्या गावात ते लोक कुठल्या बाजूला राहतात, वाऱ्याच्या."

"कसला वारा?"

"तिने गाव वसवलं ना. त्यात मजुरांना वारा जातो त्या बाजूला ठेवलं. तुमच्या गावी तसं आहे म्हणाली." मृणालचा आवाज तिला स्वतःला वर्गातला वाटला, सपाट, पाठीमागपर्यंत पोचणारा. "आमचं घर त्याच बाजूला होतं, आशाताई. माझे आजोबा तिथून निघून रेल्वेत लागले. आम्ही बौद्ध आहोत."

आशाताईंनी तिच्याकडे पाहिलं. मग सम्यककडे. मग परत तिच्याकडे, आणि त्यांच्या तोंडून जे निघालं ते त्यांनाही अपेक्षित नसावं.

"म्हणजे तुम्ही जैन नाही?"

"जैन?"

"अहो, सम्यक नाव! आमच्या कोल्हापूरच्या मावशीच्या शेजारी होते, त्यांचा सम्यक जैनच होता. मला वाटलं, उमरीकर, तिकडचेच असणार. अरे देवा!" त्यांनी कपाळावर हात मारला. "मी त्याला कांदा नाही दिला, लसूण नाही, बटाटा नाही. गाजरसुद्धा नाही, गाजराला पोर एवढं बघायचं! वेगळं पातेलं घेतलं त्याच्यासाठी. आणि अंधार पडायच्या आत जेवण, त्यांच्यात असतं ना तसं. डिसेंबरात इथे चारला अंधार! मी साडेतीनला या लेकराला मांडीवर घेऊन दुधीभोपळा भरवतेय, धावत पळत, घड्याळ बघत!"

मृणालला सगळा हिवाळा आठवला. रात्री उठून उठून भुकेने रडणारं बाळ, बाळाला बघायला येणाऱ्या हेल्थ व्हिजिटरने सांगितलेले उपाय, दात येत असतील, सवय लावा, पाणी द्या. आणि ती हसायला लागली. आशाताईही हसायला लागल्या, सम्यक दोघींकडे बघून टाळ्या वाजवायला लागला, मंगळसूत्र सुटलं, आणि त्या अरुंद हॉलमध्ये कोटांच्या रांगेखाली दोघी डोळे पुसत हसत राहिल्या. मृणालच्या खांद्यातून काहीतरी उतरलं. झालं, तिला वाटलं. एवढंच होतं.

"बाई बाई," आशाताई पदराला पुसावा तसा एप्रनला हात पुसत म्हणाल्या. "उद्या बटाट्याची भाजी याला. आणि ते काही मनावर घेऊ नका हं, मॅडम. आपण कुठे मानतो असलं." मग आवाज जरा खाली आला, गोड, काळजीचा. "फक्त एक. सासूबाई येताहेत ईस्टरला, सहा महिने राहतील. त्यांचं जरा जुनं आहे. त्यांना मी फोनवर सांगून ठेवलंय, जैनांचं बाळ आहे म्हणून. तेच राहू दे. आपण काही बोलायला नको. स्वयंपाकघरात त्यांचा वावर असतो ना. तुम्हालाही त्रास नको, त्यांनाही नको, आणि याला काय कळतंय."

हसण्याची ऊब अजून गालांवर होती. मृणाल त्या उबेतच उभी होती आणि तिला स्वच्छ दिसलं की हे किती चांगलं आहे. खरोखर चांगलं. ही बाई तिच्या मुलाला घरात ठेवतेय, कांदा देणार आहे, गाजर देणार आहे, पाठीवर हात ठेवून झोपवणार आहे. आणि जागा चांगल्या बाजूची आहे, स्टेशनजवळची. लॉट देताना कंपन्या त्याच्या कागदात अट घालायच्या, हे तिला पुढच्या आठवड्यात शिकवायचं होतं: जागा तुमची, पण इथे अमुक करणार नाही, तमुक असणार नाही; मोडलंत तर जागा परत. मुलं नेहमी विचारायची, मिस, मग लोक सही का करायचे? आणि ती म्हणायची, कारण वाळवंटात उभं राहून मागे पाहिलं की दुसरं काही दिसत नाही. तिने मागे पाहिलं. बंद दार होतं, त्याच्या काचेत संध्याकाळचा उजेड. उद्या सकाळी पहिल्या तासाला इयर सेव्हनचा वर्ग, आणि सम्यकला ठेवायला दुसरी जागा नाही.

"नाही, आशाताई," ती म्हणाली.

"काय नाही?"

"तो जैन म्हणून नाही राहणार इथे. सहा महिने काय, एक दिवस नाही."

"अहो, पण मी वाईट काय म्हटलं?" आशाताईंचा चेहरा खरंच दुखावला. "मी त्याच्यासाठीच म्हणतेय!"

"तुम्ही वाईट काहीच म्हटलं नाही. म्हणून तर मला बोलता येत नाहीये." तिने दाराला पाठ टेकली. "त्या येईपर्यंत मी त्याला आणते, तुम्ही ठेवणार असाल तर. त्या आल्या की पहिल्या दिवशी मी आत येईन, त्यांना जय भीम करीन. मग तुम्ही सांगाल तसं. नाही म्हणालात तर घेऊन जाईन."

"आणि जाल कुठे घेऊन?"

"माहीत नाही."

सम्यकने आशाताईंच्या हनुवटीला हात लावला, त्यांचं तोंड आपल्याकडे वळवायला, तो रोज करत असावा तसा.

"मिस," वरून तनिषा म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "वेट. मी तिकडे ठेवला ते… आय मीन, आजीच्या गावचे ते लोक. सम्यक त्यांच्यातला आहे?"

"हो," मृणाल म्हणाली.

"म्हणजे मी सम्यकला ठेवला तिकडे?"

"तुला हे कुणी सांगितलं वाऱ्याचं?" आशाताई एकदम वर बघून म्हणाल्या.

"आजीने. गच्चीवर. तू शॉपिंगला गेला होता तेव्हा. ती म्हणाली, बघ, किती हुशार होते आपले लोक." तनिषाचे डोळे भरून आले होते आणि त्याची तिला लाज वाटत होती. "मी सांगते आजीला. आत्ता फोन करते. सांगते की ही इज अ बेबी."

"तनिषा! खाली ठेव तो फोन."

"का? तू सांगणार नाहीस. तू म्हणते राहू दे."

आशाताई जिन्याकडे गेल्या, दोन पायऱ्या चढल्या आणि हात पुढे केला. "दे इकडे. दे म्हणते ना." तनिषाने फोन छातीशी धरला, मग दिला. मृणालला वाटलं, आता तो एप्रनच्या खिशात जाईल, आणि आशाताई म्हणतील, चला, उशीर झाला, आणि सगळं आपापल्या जागी परत जाईल. आशाताईंनी फोनकडे पाहिलं. त्यांचा श्वास लागला होता, दोनच पायऱ्यांनी. "तुझं मराठी ऐकून त्यांना काय कळणार आहे," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "आणखी घोळ करशील." आणि अंगठ्याने त्यांनी नंबर लावला.

व्हिडिओ कॉलची ती रिंग हॉलमध्ये फिरायला लागली. आशाताईंनी सम्यकला कमरेवर नीट वर घेतलं, फोन हातभर लांब धरला. कपाळावर आलेले केस मनगटाने मागे सारले. त्यांची मान ताठ झाली होती, सुनेची होते तशी. तिकडे कुणीतरी उचललं. काळोख, मग दिवा लागला, मग खूप जवळून एका म्हातारीचा, झोपेच्या काठावरचा, देखणा चेहरा.

"अगं, एवढ्या अवेळी? सगळं ठीक ना? आणि हे कोण गं गोंडस?" सम्यक पडद्याकडे बघून हसला असावा, कारण तो चेहराही हसला. "हेच का ते जैनांचं?"

मृणालचे हात पुढे गेले होते. त्याला उचलावं, त्या चौकटीतून बाहेर काढावं, त्या म्हातारीचं हसू पुढे कसं उतरतं ते त्याला दिसू नये. तिने हात मागे घेतले आणि एकमेकांत अडकवले. तो तिथेच राहिला, आशाताईंच्या कमरेवर, दिव्याच्या उजेडात.

"नाही, आई," आशाताई म्हणाल्या. "ते मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं."